दोन रंगांचा चौकोन

जुन्या घरगुती कॉम्प्युटरसारखा गेम करायचा म्हणजे नुसते जाडेभरडे ठिपके काढून भागत नाही. त्या यंत्रांची एक खोड होती: पडद्याच्या एका छोट्या चौकोनात दोनच रंग मावायचे. त्यात लाल कुऱ्हाड शिरली की आतलं सगळं लाल! आजच्या मशीनला ही अडचण नाही. तरी मी माझा गेम हट्टाने तसाच लिहिला. चित्रं ताईची. नायिका तिने स्वतःवरूनच काढली, वेणीसकट.

"नाक कुठंय?" मी विचारलं.

"आठ ठिपक्यांत नाक हवंय शहाण्याला!"

परवा दुपारी मी खेळून बघत होतो. कुऱ्हाडवाल्याने नायिकेला गाठलं, खांद्याचा चौकोन लाल झाला, आणि पलीकडच्या खोलीतून ताई किंचाळली. मी धावलो. तिच्या खांद्याचं मांस उघडं पडलं होतं. जखम चौकोनी, कडा पट्टीने आखलेल्या.

"कशाने लागलं?"

"कशानेच नाही रे! नुसती बसले होते."

मी टॉवेल दाबून धरला. गेम तसाच चालू राहिलाय, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. माझ्या खोलीतून कुऱ्हाडीचा टुक्क आवाज आला आणि ताईची मांडी फाटली. पुन्हा टुक्क. पोट. रक्त माझ्या कोपरापर्यंत उडालं. तिसऱ्या आवाजाला माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. असं कुठं असतं का, म्हणत म्हणतच मी पळालो आणि वायर उपटली.

आवाज थांबला. मी तिथेच ढसाढसा रडलो.

हॉस्पिटलात टाके घालून झाल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "एवढं रक्त जाऊन माणूस वाचत नाही. नशीब थोर तुमच्या बहिणीचं."

ताईने माझा हात घट्ट धरला. "बंद केलास ना?"

"केला गं. आता काही होत नाही तुला."

तिच्या गालाचा एक चौकोन उघडला. आतले दात दिसले.

मग कपाळ.

मग माझ्या हातातला तिचा हात.

त्याच दिवशी सकाळी मी गेमचा नमुना चाळीस जणांना खेळायला पाठवला होता. मध्येच हरून कुणी कंटाळू नये म्हणून त्यात नायिकेला मरणच ठेवलं नव्हतं.

खिशात फोन थरथरला. कुणीतरी लिहिलं होतं: "भारी जमलंय! हातातून सोडवत नाही."