शेपटीवर बसलेलं विमान

फेब्रुवारीत आमच्या चेक ताबोरमध्ये गळ विकत घ्यायला कुणी येत नाही. योर्दान तलावावर बर्फाची साय धरलेली असते, कार्प मासे तळाच्या चिखलात झोपलेले असतात, आणि एरवी त्यांच्या मागावर असणारे पुरुष घरी बसून बायकांचं डोकं खात असतात. त्यामुळे त्या दुपारी दुकानाच्या दारावरची घंटा किणकिणली तेव्हा शार्का दचकलीच. हातातला चहाचा पेला तिनं काउंटरखाली ठेवला. आत रम जरा जास्त झाली होती.

दारात एक उंच तरुण उभा होता. भुवयांवर हिमकण, खांदे ओले, आणि दुकानात नव्हे तर चर्चमध्ये आल्यासारखी टोपी हातात.

"शिसं मिळेल का?" त्यानं विचारलं. "बारीक गोळ्या. सगळ्यात बारीक."

"मिळेल की. कुठल्या माशासाठी?"

"मासा नाही..." तो घुटमळला. "विमान."

शार्कानं त्याच्याकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं. बापाच्या दुकानात वाढलेली मुलगी ती. आलेला माणूस मासे पकडणारा आहे की मासे पकडल्याच्या गप्पा मारणारा, हे ती नुसत्या बुटांवरून सांगायची. हा दोन्हींतला नव्हता. नखं स्वच्छ, बूट शहरी, आणि उजव्या हाताच्या तर्जनीच्या टोकाला गवतासारखा हिरवा रंग.

"विमान आमच्या तलावात क्वचितच लागतं गळाला," ती म्हणाली.

तो हसला नाही. पण कान लाल झाले, आणि ते तिला हसण्यापेक्षा जास्त आवडलं.

मग त्यानं सगळं समजावून सांगितलं. न विचारता, आणि फार गांभीर्यानं. युद्धातलं लढाऊ विमान, एअराकोब्रा. प्लास्टिकचं मॉडेल, पण नेहमीचं आगपेटीएवढं नव्हे. हे मोठ्या मापाचं, पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चांगलं दीड वीत. एकोणनव्वदनंतर पश्चिमेची सरहद्द उघडल्यावर असले मोठे खोके आता कुठे मिळायला लागले होते. या विमानाची गंमत अशी, की त्याचं इंजिन वैमानिकाच्या पाठीमागे, आणि तिसरं चाक नाकाखाली. खऱ्या विमानाच्या नाकात तोफ असते, मॉडेलच्या नाकात नुसती हवा. धड चिकटवायच्या आधी नाकात वजन घातलं नाही, तर...

"तर?"

"तर शेपटीवर बसतं. नाक वर करून." त्याच्या चेहऱ्यावर खरंखुरं दुःख उमटलं. "त्याहून मोठी नाचक्की नाही आमच्यात."

"नाक वर करून बसणारी माणसं आमच्याकडे रोज येतात," शार्का म्हणाली. "विमान पहिलंच."

त्याचं नाव रादिम कुबात. गावातल्या दंतवैद्याकडे कवळ्या बनवायचा. तिनं शिशाच्या गोळ्या कागदी पुडीत बांधल्या, पुडीवर दुकानाचा शिक्का मारला, आणि तो टोपी न घालताच बाहेरच्या हिमात निघून गेला.

एका विमानाला एकदाच शिसं लागतं. रादिम त्या महिन्यात वारंवार आला. आधी गोळ्या फार बारीक निघाल्या. मग फार मोठ्या. मग गोल नकोत, चपट्या हव्यात. शार्काचे बाबा, म्हणजे थोरले पेशेक, मागच्या खोलीत अळ्यांच्या डब्यांना भोकं पाडत बसायचे. तिथून ते ओरडायचे, "आला का गं तुझा वैमानिक?"

"बाबा, हळू."

"हळू कशाला? ऐकू दे त्याला. शिशानं विमान नाही उडत म्हणावं."

रादिमचे कान लाल व्हायचे. शार्का विचारायची, "तुमच्या विमानाला नाक आहे की गोदाम?" आणि तो अगदी खरं उत्तर द्यायचा, "पुढचा भाग अरुंद आहे हो... आकार जमायला हवा."

सगळं असं 'अहो-जाहो'तच चाललेलं. आमच्याकडे रीतच तशी आहे. तुम्हीवरून तूवर यायचं ते बाईनं म्हटलं तर. पुरुषानं ताटकळायचं. दोघांनी दारूचा छोटा पेला भिडवायचा, आपापलं नाव सांगायचं, आणि मग तू. शार्काच्या मनात ते पहिल्याच आठवड्यात येऊन गेलं होतं. पण आपण तू म्हणावं आणि समोरच्याला खरोखर फक्त शिसंच हवं असावं... असल्या फजितीला ती भीत होती. जिभेनं तिखट असलेल्या मुली या बाबतीत फार भित्र्या असतात.

रादिमचा मॉडेलवाल्यांचा क्लब सांस्कृतिक भवनाच्या तळघरात भरायचा. मार्चमध्ये एका संध्याकाळी शार्का तिथं गेली. निमित्त, चपट्या शिशाची नवी पेटी आली हे सांगायचं. निमित्त चांगलं नव्हतं, पण त्या तळघरात कुणाचंच निमित्त चांगलं नसायचं. बायकोला स्वयंपाकघरात रंगाचा वास नको म्हणून निम्मे पुरुष इथं आलेले.

"या, या," क्लबचे म्हातारे प्रमुख हेयडुककाका म्हणाले. "म्हणजे शिसं तुमच्याकडून येतं होय. मी म्हटलं हा पोरगा एवढ्यांदा मासे धरायला जातो आणि घरी एकही मासा कसा आणत नाही."

हे विमान खरं तर हेयडुककाकांसाठी होतं. पंचेचाळीसच्या मे महिन्यात ते चड्डीत फिरणारं पोर असताना गावाबाहेरच्या कुरणात एक एअराकोब्रा उतरलं होतं. "आम्ही पोरं गवतात पालथी. वाटलं, आता काच वर होणार आणि पिस्तूल बाहेर येणार. तर बाजूचं दार उघडलं. मोटारीला असतं तसं दार, हँडल-बिंडल असलेलं. आतून एक माणूस उतरला, डॉक्टर तपासायला येतो तसा, आणि प्यायला पाणी मागितलं." काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. बारीक मॉडेलं त्यांना आता दिसत नव्हती. म्हणून मोठं. म्हणून ते दार उघडं ठेवायचं. वसंतातल्या प्रदर्शनाआधी पुरं करायचं, असा रादिमचा शब्द होता.

रादिमनं तिला कॉकपिट दाखवलं. मुंगीला बसता येईल असं आसन, कागदाचे पट्टे, डोळ्यात तेल घालून रंगवलेल्या काट्यांच्या तबकड्या. "धड मिटलं की यातलं काहीच दिसणार नाही," तो म्हणाला.

"मग करता कशाला?"

"आत आहे हे मला ठाऊक असतं ना."

 शार्कानं चटकन म्हटलं, "मला काहीतरी रंगवू द्या."

त्यानं ते चिमुकलं दार चिमट्यात धरलं आणि ब्रश तिच्या हाती दिला. "हँडल. लाल. श्वास सोडताना टेकवा." आणि तिचं मनगट, थरथरू नये म्हणून, त्यानं दोन बोटांनी खालून उचलून धरलं. टर्पेंटाइनचा वास, दिव्याची ऊब, कुठंतरी पाइपमधून टपटपणारं पाणी... ब्रश टेकला आणि हँडलऐवजी दारावर चांगला मसुराएवढा लाल ठिपका पडला.

"घालवलं मी," ती पुटपुटली.

"नाही," तो ठिपक्याकडे बघत म्हणाला. "काकांना आता नक्की दिसेल."

मग त्यांनी वजन जोखलं. धडाचे दोन अर्धे भाग नुसत्या चिकटपट्टीनं बांधले, तात्पुरती चाकं लावली, आणि शार्का एकेक चपटी गोळी नाकावर ठेवत गेली. बराच वेळ काही झालं नाही. मग अचानक विमानानं हळूच मान तुकवली, ओळखीच्या माणसानं रस्त्यापलीकडून करावी तशी.

"नमस्कार," शार्का विमानाला म्हणाली. रादिम पहिल्यांदा मोकळा हसला.

नेमकी ती वेळ बरी आहे असं तिला वाटलं. गोळ्या तिनं परत पुडीत भरल्या, पुडी त्याच्यापुढे ठेवली आणि सहज बोलल्यासारखं बोलली, "माझी आत्या ऑस्ट्रियात, लिंझला असते. तिथल्या हॉटेलात माझ्यासाठी काम बघितलंय तिनं. स्वागतकक्षात. प्रदर्शनाच्या रविवारी संध्याकाळी फोन करणार आहे. हो की नाही ते तेव्हा सांगायचं."

एवढंच. आता चेंडू त्याच्याकडे होता. नका जाऊ, असं तो म्हणेल अशी तिची अपेक्षाही नव्हती. 'का?' असं विचारलं असतं तरी तिचं भागलं असतं.

रादिमनं चिमटा खाली ठेवला. पुन्हा उचलला. "लिंझ..." तो म्हणाला. "चांगलं शहर आहे. ट्राम आहेत तिथं."

"हो ना," शार्का म्हणाली. "ट्राम आहेत." आणि बसची वेळ झाली म्हणून ती उठली.

त्यानंतर रादिम दुकानात आला नाही. बर्फ वितळलं, कुरणं ओली हिरवी झाली, गिऱ्हाइकं परतली. घंटा दिवसभर किणकिणायची, आणि दर वेळी शार्का मान वर करायची. बाबांनी वैमानिकाबद्दल विचारणं सोडून दिलं. ते गप्प राहिले हे तिला टोमण्यांपेक्षा जास्त लागलं.

प्रदर्शनाच्या रविवारी मात्र थंडी परत फिरली. एप्रिलमध्ये आमच्याकडे असं होतं. पेटीत ठेवलेले लोकरी कोट सगळ्यांनी पुन्हा बाहेर काढले. शार्का जाणार नव्हती. मग गेली. काकांचं विमान बघायचं, असं तिनं स्वतःला सांगितलं. स्वतःला पटवणं सोपं असतं, समोर बाबा नसले की.

भवनाच्या दालनात लांब टेबलं, त्यांवर हिरवं कापड, कोपऱ्यात बटाट्याची कोशिंबीर आणि हॅम लावलेले पावाचे तुकडे. रादिम आताच आला होता. मार्चनंतर आजच बाहेर काढलेला जाड कोट अंगात, हातात खोका. चाकं त्यानं आदल्या दिवशी बसवली होती आणि सांधे वाळावेत म्हणून विमान उताणंच आणलं होतं. भोवती सगळा क्लब जमला. हेयडुककाकांनी चष्मा पुसला.

रादिमनं विमान उचललं. हिरवं, पोट निळसर, दार उघडं, दारावर लाल ठिपका. कुणीतरी नुसतंच 'अहाहा' केलं. त्यानं ते टेबलावर ठेवलं आणि हात काढला.

विमान क्षणभर तसंच राहिलं. मग नाक सावकाश वर गेलं... आणि टक् करून ते शेपटीवर बसलं.

 मागच्या कुणीतरी खोकल्यात हसू लपवलं.

"रादिम," हेयडुककाका म्हणाले, "शिसं?"

"घातलं होतं," रादिम म्हणाला. "मी नेहमी..." त्याचा हात कोटाच्या खिशाकडे गेला, तिथं थबकला, आणि बाहेर आला तो कागदी पुडी घेऊन. 'पेशेक, ताबोर' असा शिक्का. घडीसुद्धा शार्कानंच घातलेली.

"ही खिशात कशी?" काका आता चौकशी अधिकाऱ्यासारखे उभे राहिले. नजर अधू झालेल्या माणसाला बाकीचं फार स्पष्ट दिसतं. "धड जोडताना शिसं टेबलावर असतं. मी इतक्या जणांना शिकवलं, खिशात ठेवलेलं कुणी पाहिलं नाही. तू काम अर्ध्यात टाकून कोट का घातलास?"

"बाहेर गेलो होतो."

"कुठं?"

"बसथांब्यावर."

"डिंकाचं झाकण उघडं ठेवून?"

"हो."

"कशाला?"

रादिमनं मान वर केली. गर्दीच्या मागे शार्का उभी होती, हे त्याला तेव्हा दिसलं. कान लाल झाले, मग गाल, मग मानेपर्यंत सगळाच तो.

"बस गेली होती," तो तिच्याकडे बघत म्हणाला. "मी धावलो, पण... ट्रामचं काय बोललो मी, ते मला तुम्ही पायऱ्या चढून गेल्यावर कळलं. परत आलो आणि धड चिकटवून टाकलं. शिशाचं डोक्यातच नव्हतं. लिंझच होतं. तेव्हापासून तेच आहे. दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत येऊन परत जात होतो."



शार्का वळली. खाण्याच्या टेबलावर क्लबच्या खजिनदार बाई प्लमची दारू ओतत होत्या. शार्कानं दोन छोटे पेले उचलले, गर्दीतून वाट काढत आली आणि एक त्याच्या हातात दिला. पुडी धरलेला हात मोकळा करायलाही त्याला सुचेना. काकांनीच पुडी काढून घेतली.

"शार्का," ती म्हणाली आणि पेला पुढे केला.

त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग पेले भिडले. त्याचा जरा जोरातच. "रादिम."

"आता बोल," शार्का म्हणाली. "आत्याचा फोन यायचाय. तिला काय सांगू?"

"सांग..." तो थांबला. तू म्हणताना जीभ नव्या बुटातल्या पावलासारखी अडखळत होती. "सांग, की नको जाऊस म्हणतोय. मी."

"लिंझमध्ये ट्राम आहेत," शार्का म्हणाली.

"असू देत."

हेयडुककाका एव्हाना टेबलावर वाकले होते. नाक वर केलेल्या त्या विमानाच्या उघड्या दारात त्यांनी डोळा लावला होता. "आहे," ते स्वतःशीच म्हणाले. "हँडल आहे. लाल."

विमानाला अर्थातच बक्षीस मिळालं नाही. ते आजही पेशेकांच्या दुकानाच्या काचेत आहे, रिळांच्या आणि गळांच्या मधोमध, आकाशाकडे तोंड करून. हिरवा रंग उन्हानं विटलाय. काका गेले, थोरले पेशेकही गेले. हल्ली काउंटरमागे केस अर्धे पांढरे झालेली शार्का असते, आणि दवाखाना सुटल्यावर मागच्या खोलीतल्या दिव्याखाली रादिम.

कधी कुणी जाणकार गिऱ्हाईक काचेपाशी थांबतं आणि म्हणतं, बाई, पुढच्या चाकाच्या खाचेतून चार गोळ्या आत सोडल्या तर हे नीट उभं राहील. रादिमही दर हिवाळ्यात तेच म्हणतो.

"शिसं संपलंय," शार्का सांगते. तिच्या मागच्या फळीवर शिसंच शिसं असतं.