दादाच्या गाडीची हवा

अंबडला माझं गॅरेज आहे, जुन्या मोटारसायकलींचं. गेल्या महिन्यात एका दुपारी मंजुषावहिनींचा फोन आला. माझा थोरला भाऊ ललित तेव्हा दवाखान्यात श्वासाच्या मशीनवर होता.

"भाऊजी, ह्यांची गाडी चालू करा ना. आवाज फोनवरून त्यांच्या कानाशी लावते. उठतील हो ते."

दादाची मोटारसायकल माझ्याच गॅरेजात उभी होती. बरं म्हणालो. रडूबिडू काही येत नव्हतं, अंग नुसतं बधिर झालं होतं.

प्लग काढला, भोकावर अंगठा ठेवला, किक मारली. धडधाकट इंजिन अंगठा उडवून लावतं. इथे साधी फुंकरही आली नाही. कॉम्प्रेशनच, म्हणजे आतला हवेचा दाबच, संपलेलं; गाडी चालू होणार नव्हती. तरी सवयीनं कार्बोरेटर पाहिला. जुन्या कार्बोरेटरमध्ये केबल ओढली की आतली स्लाइड, म्हणजे हवेची झडप, वर येते. दादानं हौसेनं नव्या पद्धतीचा बसवला होता. त्यात इंजिनानं स्वतः हवा ओढली तरच स्लाइड उचलते.

ती उचलत होती. सावकाश. मग खाली बसत होती.

किकवर माझा पाय नव्हता. प्लगच्या भोकातून उबदार हवा येत होती. वास पेट्रोलचा नव्हता, दवाखान्यातल्या औषधांचा होता... कॉम्प्रेशन बघताना दाबतात तसा मी अंगठा घट्ट दाबला.

फोन वाजला. "भाऊजी... ह्यांचा श्वास अडकलाय..."

मी अंगठा काढला.

"आला... आला परत."

आठवड्यानं दादा घरी आला. वहिनींनी गल्लीभर पेढे वाटले. तो जेवायचा, हसायचा. एकदा झोपला होता तेव्हा मी त्याच्या नाकाशी हात धरला. हाताला काही लागलं नाही. गॅरेजात येऊन पाहिलं, तर स्लाइड वरखाली होत होती. माझा भाऊ कुठे राहिलाय ते मला कळलं. घाबरायला हवं होतं, पण तेही जमलं नाही.

आज सकाळी भंगारवाला टेम्पो घेऊन आला. दादानंच बोलावलेला. मी हँडल धरून उभा राहिलो.

"लय जुनी झाली रे. दे सोडून," दादा म्हणाला.

"राहू दे ना, दादा..."

स्लाइड भराभर हलायला लागली. वहिनी माझी समजूत घालत होत्या, भंगारवाल्यानं मागचं चाक उचललंसुद्धा. दादा जवळ आला आणि माझ्या कानाला तोंड लावून पुटपुटला, "सोड. तो आत ओरडला तरी ऐकू कुणाला जातंय..."

इतक्या जवळून बोलला, पण कानाला हवा लागली नाही.