न पाहिलेला घोडेवाला

सेनगावहून गोरेगावकडं जाताना मध्ये चिंचखांब लागतं. रस्त्याला लागून एक जुना पिंपळ, त्याच्याखाली जीपगाड्यांचा अड्डा, समोर प्रभूचं चहाचं हॉटेल आणि मागे पत्र्याचं एक लांबट शेड. हिंगोली जिल्हा झाला त्याच सुमारास शिवहारशेठनं त्या शेडमध्ये टीव्ही आणि सीडीचं मशीन आणून ठेवलं. बाजाराच्या दिवशी तो तिथं मारामारीचे इंग्रजी पिक्चर लावायचा. जीपगाड्याही त्याच्याच होत्या. गावाबाहेर जायचं तर शिवहारच्या गाडीत, आणि घटकाभर बसून मन रमवायचं तर शिवहारच्या शेडात, असा सगळा मामला होता.

सुभद्राबाई दर बाजारी यायची. एखादं बोकड विकायची, मीठमिरची घ्यायची आणि मग पदर खोचून एकेका दुकानापुढं उभी राहायची.

"पाहिलं का रे?"

"न्हाई, बाई."

"तू?"

"न्हाई."

कापडवाला गठ्ठ्यातलं लुगडं पुन्हा घडी करायला घ्यायचा. बांगडीवाला काचेवरची नसलेली धूळ पुसायचा. शेवटी ती प्रभूच्या हॉटेलापुढं यायची. तिथं तिचा आवाज चढायचा.

"माझ्या नवऱ्याच्या ताटात जेवला हाईस तू, प्रभूभाऊ. तुझ्या भट्टीपासून हातभर लांब पडला होता त्यो. सांग."

प्रभू गाळणीत बघत म्हणायचा, "वहिनी, चहा घ्या."

"ओत त्यो तुझ्या डोळ्यांत."

झालं होतं ते असं. मार्गशीर्षात तिच्या नवऱ्याचा, मुंजाजीचा कळप रस्ता ओलांडत असताना शिवहारची जीप न थांबता कळपातून गेली आणि एक गाभण मेंढी चिरडली. मुंजाजीनं ती मेंढी खांद्यावर घेतली, भर बाजारात आणली आणि शिवहारच्या जीपपुढं ठेवली. "खाली उतर आन् बघ," एवढंच तो म्हणाला. शिवहार उतरला तो जॅकचा दांडा घेऊनच. सगळा बाजार उभा होता; सुभद्राबाई तेवढी मागे कळपापाशी थांबली होती. हिंगोलीच्या दवाखान्यात नेताना वाटेतच मुंजाजीचा जीव गेला.

संध्याकाळी शिवहारनं बाजारातल्या सगळ्यांना माळावरच्या खंडोबाच्या देवळात बोलावलं आणि एकेकाकडून बेलभंडार उचलवून घेतला. नुसतं गप्प बसायची शपथ असती तर पुढंमागं कोणाची जीभ सैल सुटली असती. शिवहार पक्का. त्यानं वाक्य स्वतः घालून दिलं, आणि सगळ्यांत आधी स्वतःच भंडारा उचलून म्हटलं, "मारणारा माझ्या डोळ्यांना दिसला न्हाई." मग बाकीचेही तेच म्हणाले. प्रभूही म्हणाला. ह्या भागात खंडोबाचा भंडारा उचलून बोललेला शब्द कोणी परत घेत नाही. मुंजाजी जीपमधून पडून मेला, असं कागदावर आलं.

चौकशीला आलेला जमादार वाईट नव्हता. तो म्हणाला होता, "बाई, डोळ्यानं पाहिलेला एक माणूस आणा. एक पुरे."

तो एक माणूस सुभद्राबाईला सापडत नव्हता.

फाल्गुनात एका बाजारी ती सरळ पत्र्याच्या शेडात शिरली. आत अंधार, विड्यांचा धूर आणि घामाचा वास. दारातला एकजण म्हणाला, "मावशी, हे बायांसाठी न्हाई."

"माणसांसाठी असंल. मंग तुमी काहून बसलात?"

टीव्हीवर लाल मातीचं एक गाव होतं, सगळी घरं फळ्यांची. टोपी डोळ्यांवर ओढलेला एक माणूस घोड्यावरून येत होता आणि एकेक दार बंद होत होतं. टीव्हीशेजारी खुर्चीवर दत्तोपंत बसले होते. सेनगावला कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले, गावात इंग्रजी समजणारे तेवढेच. पिक्चर मराठीतून सांगायचं काम त्यांच्याकडं होतं.

"हा आता गावात आलाय," दत्तोपंत हलक्या आवाजात सांगत होते. "नाव सांगत नाही. ह्या लोकांनी मागं एका निरपराध माणसाला मरू दिलंय, ते ह्याला कसं ठाऊक, तेही सांगत नाही."

"पंत, जोरात!" मागून कोणीतरी ओरडलं.

"जोरात सांगण्यासारखं नाही ते," दत्तोपंत म्हणाले.

सुभद्राबाई उभ्याउभ्या बघत राहिली. तो माणूस घोड्यावरून उतरला, घोडा खांबाला बांधला आणि दारूच्या दुकानात शिरला.

"घोडं तहानेलं, आन् ह्यो चालला प्यायला," ती म्हणाली. "असला कोणाला न्याय देऊन राहिला!"

पिक्चर संपल्यावर दत्तोपंत तिला पिंपळाखाली भेटले. बाजारात मारहाण झाली तेव्हा ते मोतीबिंदू काढायला मुलीकडं, अनुश्रीकडं, हिंगोलीला होते. त्यामुळे भंडारा उचलायला त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

"असे पुष्कळ पिक्चर आहेत, सुभद्राबाई," ते चाचरत म्हणाले. "गाव गप्प बसतं. मग कुठूनतरी एक परका येतो. काही पिक्चरांत शेवटपर्यंत कळत नाही की तो जिवंत आहे की मेलेला."

"परकाच काहून येतो? गावचा एखादा काहून न्हाई उठत?"

दत्तोपंत चष्मा पुसत उभे राहिले.

"मला परका नको, पंत," सुभद्राबाई म्हणाली. "मला ह्यांच्याच तोंडून ऐकायचंय."

पुढच्या बाजाराच्या आदल्या दिवशी, दुपार कलताना, तिची मेंढरं कयाधू नदीच्या बाजूच्या एका रिकाम्या वावरात बसली होती. शेतकऱ्यानं खतासाठी ती बसवून घेतली होती. उन्हानं हवा हलत होती. विहिरीवर एक माणूस घोड्याला पाणी दाखवत होता.

धनगराकडं सामानाला असतं तसलंच ते बुटकं घोडं होतं. माणूस मात्र उंच होता. अंगावर काळी घोंगडी, ती डोक्यावरून पुढं ओढलेली. एवढ्या उन्हात घोंगडी काहून, असं तिला वाटलं. जवळ गेल्यावर तिला दिसलं की घोंगडी ओली होती आणि तिला कच्च्या लोकरीचा वास होता, नुकत्या कातरलेल्या मेंढीला येतो तसा.

कुत्री भुंकली नाहीत. दोन्ही कुत्री पोट जमिनीला लावून पडून होती.

"कोणत्या गावचे?" तिनं विचारलं.

तो घोड्याचं पाणी पिऊन होईपर्यंत थांबला. दोर धरलेल्या बोटांच्या पेरांना पिवळं लागलं होतं. वसमतकडं हळद शिजवायला जाणाऱ्या माणसांची बोटं अशी होतात, तसला कोणी मजूर असंल, असं तिनं स्वतःला समजावलं.

"बाजार?" त्यानं विचारलं.

"उद्या."

मागे खुरांचा आवाज झाला म्हणून तिनं वळून पाहिलं. बसलेली सगळी मेंढरं उठून उभी राहिली होती, आणि सगळ्यांची तोंडं त्याच्याकडं होती. मुंजाजी शीळ घालायचा तेव्हाच ती अशी उठायची. त्या माणसानं शीळ घातली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाजार नेहमीसारखाच भरला. सुभद्राबाई बोकड घेऊन आली तेव्हा तो माणूस आधीच आलेला होता. घोडा पिंपळाखाली सोडून तो प्रभूच्या बाकड्यावर बसला होता. बाकडं त्याच्या बाजूनं खाली दबलं होतं.

प्रभूनं त्याला चहा विचारला नाही. फडकं मारत मारत तो बाकड्याच्या त्या टोकापर्यंत आला आणि टोक सोडून मागे वळला.

"गिऱ्हाईक बसलंय, प्रभूभाऊ," सुभद्राबाई म्हणाली.

"कुठं?"

तिला चेष्टा वाटली आणि रागानं तिचं अंग तापलं. "आता बसलेला माणूसबी दिसंना का तुला?"

प्रभूनं बाकड्याकडं पाहिलं. मग तिच्याकडं. त्याच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती.

घोड्यानं लीद टाकली. कापडवाल्याचा पाय तिच्यात पडला. त्यानं शिवी दिली, चप्पल घासली आणि चारी बाजूंना बघितलं. घोडा त्याच्या खांद्याला लागून उभा होता. विकायला आणलेल्या शेळ्या मात्र दावी ताणून मागे सरत होत्या.

दत्तोपंत शेडाच्या दारात उभे होते. त्यांचा चेहरा पिठासारखा झाला होता. सुभद्राबाई त्यांच्याजवळ गेली.

"तुमाला दिसून राहिला ना, पंत?"

"हो."

"पिक्चरातला हाय का ह्यो?"

दत्तोपंतांनी मान हलवली. "पिक्चरातल्याला चेहरा होता, बाई."

शिवहारची जीप आली. तो उतरला, कोणाला तरी हाक मारून हसला. बाकडं वर उचललं गेलं.

तो माणूस सावकाश चालत जीपच्या मागच्या बाजूला गेला. फाळका उघडला. जॅकचा दांडा काढला.

गर्दी वाट देत होती. आपण वाट देतोय हे कोणाला कळत नव्हतं. कोणी वाकून मिरच्या निवडत होतं, कोणी मागे सरून भाव विचारत होतं.

पहिला घाव शिवहारच्या गुडघ्यावर बसला.

"कोण हाय बे?" तो ओरडला.

दुसरा खांद्यावर.

शिवहार गरगर फिरून बघू लागला. मारणारा त्याच्यासमोर उभा होता. शिवहारची नजर त्याच्या छातीतून आरपार जाऊन पिंपळावर थांबत होती.

"धरा ना त्याला! बघता काय?"

"कोणाला, मालक?" प्रभू रडवेल्या आवाजात म्हणाला. "कोणाला धरू?"

माणसं धावली. त्यांनी हात पुढं केले. हात हवेत फिरले.

"खाली उतर आन् बघ," तो माणूस म्हणाला. शिवहार उतरलेलाच होता. तरी त्यानं ते म्हटलं, मुंजाजीच्या आवाजात नव्हे, कोणाच्याच आवाजात नव्हे. ऐकू आलं ते फक्त सुभद्राबाईला आणि दत्तोपंतांना.

मग शेवटचा घाव.

सुभद्राबाईनं डोळे मिटले नाहीत. एवढा मोठा बाजार, आणि बघणारे आपण दोघंच, असं तिच्या मनात आलं. तिला समाधान झालं नाही. राग होता तिथंच होता.

जमादार आला तेव्हा ऊन उतरलं होतं. त्यानं सगळ्यांना रांगेत उभं केलं.

"कोणी पाहिलं?"

"न्हाई, साहेब." कापडवाला चक्क रडत होता. "आईची आण, खरंच न्हाई दिसला."

"मागच्या वेळी पण तुम्हाला दिसला नव्हता." जमादारानं पचकन थुंकून पिंपळाकडं पाहिलं. "तो घोडेवाला कोण आहे?"

"कोणता घोडेवाला?" रांगेतले सगळे एकदम म्हणाले.

जमादार चिडून गर्दीतून वाट काढत पिंपळापाशी गेला. तिथं ताज्या लिदीशिवाय काही नव्हतं. परत येऊन त्यानं कोणाकडं न बघता लिहायला घेतलं.

"मी पाहिलं," सुभद्राबाई म्हणाली. तिनं उंची सांगितली, घोंगडी सांगितली, पिवळी बोटं सांगितली. जमादारानं सगळं नीट ऐकून घेतलं. "नाव?" त्यानं विचारलं. तिला ते ठाऊक नव्हतं.

"माझ्या नवऱ्याचं काय?" तिनं विचारलं.

"त्यांचं तर पडून झालेलं आहे ना, बाई."

शिवहार गेला, तरी मुंजाजी कागदावर जीपमधून पडलेलाच राहिला. आणि तो माणूसही गेला नाही. पुढच्या बाजारी तो कापडवाल्याच्या दुकानापुढं उभा होता. त्याच्या पुढच्या बाजारी बांगडीवाल्याच्या. करत काही नव्हता, नुसता उभा राहायचा. बांगड्या आपोआप तडकायच्या. कापडवाल्यानं दुकान बंद केलं आणि तो लेकीकडं वसमतला निघून गेला. कोणी विचारलं तर म्हणायचा, दुकानात बसलं की मानेवर कोणीतरी श्वास सोडतंय.

चैत्रातल्या एका दुपारी वावराच्या बांधावरून प्रभू येताना दिसला. सुभद्राबाई बाभळीच्या सावलीत घोंगडी अंथरून बसली होती. ती एकटक बघत राहिली. प्रभूच्या मागोमाग, त्याच्याच पावलात पाऊल टाकत, दुसरा माणूस येत होता. घोडा नव्हता.

तिनं चुलीवर चहा ठेवला. प्रभू येऊन घोंगडीच्या कडेला बसला. महिन्याभरात तो निम्मा झाला होता.

तिनं तीन कप भरले.

"तिसरा कोणाला, वहिनी?"

"आधी बोल. काय बोलायला आलाईस ते बोल."

प्रभूनं कप दोन्ही हातांनी धरला. मेंढरं एकेक करून उठून उभी राहत होती.

"भंडारा उचललाय मी," तो म्हणाला. "त्याचं जे व्हायचं ते होवो. मी पाहिलं, वहिनी. शिवहारनं मारलं. मुंजाजीभाऊ माझ्याकडं बघत होता, आन् मी भट्टीला वारा घालून राहिलो होतो. मी पाहिलं. जमादारापुढं सांगतो."

एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच सुभद्राबाईच्या डोळ्यांना पाणी आलं. ते पुसून तिनं वर पाहिलं.

प्रभू तिच्याकडं बघत नव्हता. तिसऱ्या कपाबद्दल त्यानं पुन्हा विचारलं नाही. हातातला कप त्यानं अगदी सावकाश, आवाज न करता खाली ठेवला. मग पाय जवळ ओढून घेतले आणि श्वास धरून, तसूतसूनं बाजूला सरकत, त्यानं घोंगडीवर एका माणसापुरती जागा करून दिली.