एका गाण्याची एकच प्रत

चष्म्याची काडी मोडली ती नेमकी रस्ता ओलांडताना. एक काच डोळ्यासमोर धरून तिनं कसाबसा पलीकडचा फुटपाथ गाठला आणि चष्म्याचं चित्र असलेली पाटी जिथं धूसर दिसली त्या दुकानात ती शिरली.

"या, बसा... नाही नाही, तो आरसा आहे. खुर्ची डावीकडे."

आवाज हसरा होता. माणूस मात्र तिला एक उंच, निळसर ढग एवढाच दिसला. त्या ढगानं तिच्या हातातला चष्मा अलगद काढून घेतला.

"काडी मोडली नाहीये. स्क्रू पडलाय फक्त. बसा जरा, दुसरा लावून देतो."

ती बसली. डोळे बिनकामाचे झाले की तिचे कान तिखट होत. दुकानात गाणी चालली होती. आधी एक अंगाई. मग धडाम-धुडूम बँड. मग पुन्हा तीच अंगाई.

"तुमच्याकडे एकच गाणं फिरून फिरून का लागतं?" तिनं विचारलं.

"लागतं का? मला वाटलं सगळ्या अंगाई सारख्याच असतात."

"आणि ही तर अल्बममधली शेवटची आहे. ती तुम्ही आधी लावताय. म्हणजे पाहुणे चपला घालायला लागल्यावर 'या, बसा' म्हटल्यासारखं."

ढग मोठ्यानं हसला. "गाता का तुम्ही?"

"छे! मी गाणी लावते."

"ती तर मीही लावतो."

"तुम्ही वाजवता. मी जागेवर लावते," ती म्हणाली आणि मग तिला सगळंच सांगावं लागलं. मावशीचं रेकॉर्डचं दुकान होतं. रेकॉर्ड गेल्या, कॅसेटी गेल्या, सीड्याही गेल्या. आता लोकांची गाणी कॉम्प्युटरमध्ये असतात आणि तिथं त्यांचा उकिरडा झालेला असतो. कुठलं गाणं कुणाचं, कुठल्या अल्बममधलं, त्यातलं कितवं, ही चिठ्ठी प्रत्येक गाण्याला चिकटवायची. टॅग म्हणतात तिला. मावशी आणि ती, दोघी मिळून लोकांच्या गाण्यांना अशा चिठ्ठ्या लावून देत.

"म्हणजे हरवलेलं गाणं सापडतं?" त्यानं विचारलं. या वेळी आवाजात हसू नव्हतं.

"गाणं तिथं असेल तर सापडतंच."

त्यानं चष्मा तिच्या डोळ्यांवर ठेवला आणि काड्या कानांमागे नीट बसल्यात का ते बोटानं चाचपून पाहिलं. हे त्याचं रोजचंच काम होतं. तरी ते बोट जरा जास्त वेळ थांबलं असं तिला वाटलं... आणि मग त्या ढगाला एकदम नाक आलं, डोळे आले, एका गालावर खळीसुद्धा आली.

"दिसतंय?"

"दिसतंय," ती म्हणाली आणि घाईघाईनं भिंतीवरच्या फ्रेमा बघायला लागली. जरा जास्तच स्पष्ट दिसलं होतं.

दुसऱ्याच दिवशी तो मावशीच्या दुकानात हजर. हातात रुमालात गुंडाळलेली एक हार्ड डिस्क.

"ही बाबांची गाणी," तो म्हणाला. "त्यांचा कॉम्प्युटर बसला. एकानं खटपट करून गाणी परत काढून दिली, पण नावं गेली सगळी. नुसते आकडे उरलेत." मग तो थांबला. "यातल्या एका गाण्यात आई आहे."

"आई गायच्या?"

"नाही हो. बाबा रेडिओसमोर टेप ठेवून गाणी भरून घ्यायचे. एकदा आई तिथंच काहीतरी काम करत होती आणि गाण्याबरोबर गुणगुणायला लागली. तेही भरलं गेलं. पुढे सगळ्या टेप कॉम्प्युटरमध्ये उतरवल्या आणि टाकून दिल्या. तिच्या आवाजाचं तेवढंच आहे आमच्याकडे. ती गेल्यापासून बाबा रोज संध्याकाळी ते एकदा ऐकायचे. आता कॉम्प्युटर बंद पडल्यापासून..." त्यानं खांदे उडवले. "जेवतात. पेपर वाचतात. पण बोलत नाहीत फारसे."

"गाणं कुठलं?"

"मला नाही माहीत. ते दार लावून ऐकायचे. आता विचारलं तर म्हणतात, सगळं लागलं की मी येतो. मला वाटतं, त्यांना भीती वाटते."

तिनं रुमाल सोडवला. "सापडेल," ती म्हणाली. असं आधीच बोलू नये हे तिला माहीत होतं. तरी बोलून गेली.

तिच्याकडे एक प्रोग्रॅम होता. तो गाण्याचा आवाज ओळखायचा आणि चिठ्ठी आपोआप लावायचा. त्यातून जी सुटतील ती तिनं कानानं ओळखायची. प्रत्येक गाण्याची सुरुवात ऐकायची, चिठ्ठी बरोबर असली की पुढचं. आठवडाभरात निम्मी डिस्क मार्गी लागली. घरी वाजवून बघा, म्हणून तिनं ती त्याला दिली.

दोन दिवसांनी तो परत आला. तोंड पाडून.

"तुमची अंगाई बँडमध्ये गेलीये."

"शक्यच नाही."

शक्य होतं. एका अंगाईच्या चिठ्ठीवर चक्क लष्करी बँडचं नाव होतं. दोन प्रेमगीतं व्यायामाच्या संगीतात जाऊन बसली होती. तिनं कपाळाला हात लावला.

"प्रोग्रॅम बिघडलाय बहुतेक," ती म्हणाली.

"बिघडला असेल," तो गंभीर चेहरा करून म्हणाला. "मी थांबू का? तुम्ही दुरुस्त करा, मी बघत बसतो."

"मला कुणी बघत बसलं की चुका होतात."

"मग तर थांबतोच."

हे असंच चालू झालं. ती डिस्क द्यायची, तो घेऊन जायचा, दोन दिवसांनी नव्या तक्रारी घेऊन यायचा. येताना कधी तिच्या चष्म्यासाठी मऊ फडकं आणायचा, कधी उगाच काड्या घट्ट करून द्यायचा. ती गाण्यांची नावं सांगायची आणि तो प्रत्येक वेळी मुद्दाम चुकीचा गायक सांगायचा. ती चिडायची. चिडली की चष्मा नाकावर घसरायचा, आणि तो एका बोटानं हळूच वर सारायचा...

मावशी गल्ल्यावर बसून सगळं बघत होती. "खारूताई," ती एकदा म्हणाली. लहानपणी काहीबाही साठवून ठेवायची म्हणून भाचीला तिनं हे नाव पाडलं होतं. "हा मुलगा डिस्क घेऊन येतो, की डिस्क त्याला घेऊन येते?"

"मावशी, हळू बोल ना!"

"मी हळूच बोलतेय. तुझेच कान लाल झालेत."

शेवटी एक दिवस चुका संपल्या. निदान तिला आणखी सापडेनात. आता उरली होती शेवटची झाडलोट. एकच गाणं दोन-दोन, तीन-तीनदा होतं. प्रोग्रॅमला सांगितलं की तो सारख्या चिठ्ठ्यांची गाणी शोधायचा, चांगल्या आवाजाचं ठेवायचा आणि बाकीची पुसायचा.

"आधी एक प्रत काढून ठेव गं," मावशी म्हणाली.

"एका गाण्याची एकच प्रत, मावशी. दोन झाल्या की पसारा." हा तिचा नियम होता आणि त्याचा तिला अभिमान होता. तिनं बटण दाबलं. पुसलेल्या गाण्यांची टोपलीही रिकामी केली. डिस्क कशी लख्ख झाली.

त्या संध्याकाळी तो बाबांना घेऊन आला. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. खुर्चीच्या अगदी कडेवर बसले, दवाखान्यात बसतात तसे.

"बोला बाबा," ती म्हणाली. "कुठलं गाणं?"

बाबांनी घसा खाकरला आणि गाण्याचे पहिले शब्द सांगितले. नदीचं एक जुनं गाणं होतं. तिनं क्षणात काढून दिलं. दुकानभर स्वच्छ, गोड सूर पसरले. बाबा डोळे मिटून ऐकत होते. दुसरं कडवं संपलं तसं त्यांनी बोट वर केलं.

"आता."

तिसरं कडवं सुरू झालं. गायिकेचा आवाज होता, बासरी होती. आणखी काही नव्हतं. गाणं संपलं, तरी बाबांचं बोट तसंच वर होतं.

"इथं ती असते," ते म्हणाले. "हे ते नाही."

तिला सगळं एका दमात कळलं. प्रोग्रॅमनं घरी भरलेलं गाणं आवाजावरून बरोबर ओळखलं होतं आणि त्याला मूळ रेकॉर्डची चिठ्ठी लावली होती. तिनं सुरुवात ऐकली असणार, आई गुणगुणते ती तर तिसऱ्या कडव्याला. म्हणजे एकाच चिठ्ठीची दोन गाणी झाली होती. एक स्वच्छ, एक खरखरीत. आणि तिनं...

"माझ्या हातून पुसलं गेलं," ती म्हणाली. आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखा आला. "मला वाटलं, तेच गाणं दोनदा आहे. प्रत ठेवली नाही मी. बाबा, मी..."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "असू दे, पोरी. तुला काय माहीत."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला आणि उठायला लागले.

"बाबा, उठू नका!"

चष्मेवाला दाराशी उभा होता. चेहरा आधी पांढरा पडला होता, आता कानापर्यंत लाल झाला होता.

"मला एक सांगायचंय. मग तुम्ही दोघं मला काय बोलायचं ते बोला." तो एक पाऊल आत आला. "त्या चुका... प्रोग्रॅमच्या नव्हत्या. मी करायचो."

"काय?" ती म्हणाली.

"डिस्क घरी नेली की मी काही गाण्यांच्या चिठ्ठ्या बदलायचो. कुठलीही उचलायची आणि दुसरीकडे टाकायची. तुम्ही चूक शोधणार, म्हणजे मला परत यायला कारण... तुम्ही दोन आठवड्यांत सगळं संपवलं असतं हो! मग मी काय करणार होतो? रोज तुमच्या चष्म्याचा स्क्रू काढणार होतो?"

गल्ल्यावरून मावशी म्हणाली, "तरी म्हटलं!"

तिला रागवायला वेळच नव्हता. तिचं डोकं भलतीकडेच धावत होतं. "म्हणजे काही गाण्यांवर चुकीची चिठ्ठी होती... आणि त्यातली सगळी मला सापडली नसतील, तर..."

"तर ती सारखी धरली गेली नसतील," तो म्हणाला.

"आणि पुसलीही गेली नसतील! थांबा, बघू द्या मला."

कॉम्प्युटर प्रत्येक गाण्याची चिठ्ठी कधी बदलली ते लक्षात ठेवतो. डिस्क त्याच्या घरी होती त्या दिवसांत बदललेली तेवढीच गाणी तिनं वेगळी काढली. ओळीनं नावं आली. तो तिच्या खुर्चीच्या पाठीला धरून वाकला होता, त्याचा श्वास तिच्या केसांना लागत होता.

"हे नाही... हे नाही... हे काय, बँडमध्ये? एवढं लांबलचक?" ती थबकली. "ही लांबी तर नदीच्या गाण्याची आहे."

तिनं ते लावलं.

बँड वाजला नाही. आधी खरखर आली. मग रेडिओचा दबका आवाज, मागे कुठेतरी भांड्यावर भांडं. पहिलं कडवं. दुसरं. दुकानात कुणी हललं नाही. आणि तिसऱ्या कडव्याला, गायिकेच्या थोडीशी मागे, थोडीशी बेसूर, एक बाई निवांत गुणगुणायला लागली.

बाबांनी बोट वर केलंच नाही. हात मांडीवर तसाच राहू दिला.

गाणं संपलं. टेप बंद व्हायच्या आधी तोच आवाज जवळून आला, "अहो, झालं का तुमचं? मग या चादरीचं दुसरं टोक धरा की."

बाबा हसले. खळखळून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "चादर धरली आणि निम्मी घडी चुकवली मी," ते म्हणाले. "तासभर बोलत होती मला!" आणि मग ते चादरीबद्दल सांगत राहिले, तिचा रंग, ती कुणी दिली, ती कुठे फाटली. मुलगा अवाक होऊन ऐकत होता. इतके शब्द एका दमात त्यानं त्यांच्या तोंडून किती दिवसांत ऐकले नव्हते.

तिनं चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला. पुन्हा काढला.

"आता याची चिठ्ठी नीट लावू," ती जरा वेळानं म्हणाली. "बाबा, कलाकार कोण लिहू?"

"याची आई," बाबा मुलाकडे वळून म्हणाले. "तेवढंच लिही. आई."

"आणि अल्बम?"

बाबांनी विचार केला. "घर."

तिनं लिहिलं. मग काही न बोलता खण उघडला आणि तीन छोटे पेन ड्राइव्ह बाहेर काढले. मावशीनं भुवया उंचावल्या. "काय गं? एका गाण्याची एकच प्रत ना?"

"तो नियम मोडला आजपासून."

मावशीनं बाबांना चहाच्या निमित्तानं आतल्या खोलीत नेलं. जाताना पडदा नीट ओढून घेतला. बाहेर दोघंच राहिली.

"रागावलात?" त्यानं विचारलं.

"खूप. माझी कितीतरी कामं तुमच्या त्या बँडनं बुडवली." तिचा चष्मा घसरला. त्याचं बोट पुढे आलं, मध्येच थांबलं. "...थांबलात का?"

त्यानं चष्मा वर सारला. बोट या वेळी गालाशीच राहिलं.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "आरशात बसायला निघाली होतीस ना, तेव्हापासून."

तो तिला 'तू' म्हणाला हे दोघांच्याही लक्षात आलं. कुणीच ते परत घेतलं नाही.

तिनं पहिला पेन ड्राइव्ह त्याच्या हातात ठेवला. "हा बाबांचा." दुसरा ठेवला. "हा तुझ्या दुकानातला. बँडमध्ये टाकायचा नाही." तिसरा मात्र तिनं मुठीतच धरला.

"आणि तो?"

"हा माझ्याकडे राहील."

"कुठपर्यंत?"

"पुढेमागे हे सगळे एकाच घरात येईपर्यंत," ती खाली बघत म्हणाली.

त्याच्या गालावरची खळी हळूहळू उमटत गेली. "मग एकाच घरात सारखी गाणी होतील... तेव्हा? जास्तीची पुसशील?"

तिनं मान वर केली. चष्मा अगदी जागेवर होता आणि तो तिला अगदी स्पष्ट दिसत होता.

"अजिबात नाही," ती म्हणाली.