तलफेची वही

पहिल्याच भेटीत त्याने माझ्याकडे काडेपेटी मागितली.

परळचं आमचं हॉस्पिटल, तिसरा मजला, जिन्याजवळची खिडकी. डिसेंबरचं मऊ ऊन त्याच्या चेहऱ्यावर पडलं होतं. एका पायात सळ्या, बगलेत कुबडी आणि बोटांत न पेटवलेली सिगरेट. मी ती अलगद काढून घेतली.

"अहो... माझी आहे ती."

"आणि हॉस्पिटल आमचं. इथे जिन्यात, गच्चीवर, फाटकापाशी, कुठेच ओढायची नाही."

"मग तलफ आली की माणसाने करायचं काय?"

"मला बोलवायचं. मी ओवी. तंबाखू-सिगरेट सोडायला मदत करते, त्याचाच पगार घेते."

तो हसला. असं हसणाऱ्याला सिगरेटची गरजच काय, असं वाटून गेलं, आणि मग मला स्वतःचाच राग आला.

प्रफुल्ल माझगावच्या गोदीत वेल्डर. परांचीवरून पडून मोडलेलं हाड सहा महिने जुळत नव्हतं. शनिवारी पुन्हा ऑपरेशन होतं, पण डॉक्टर नाडकर्णींची अट होती – सिगरेट सुटली तरच. नाहीतर तारीख पुढे, आणि पाय कायमचा अधू राहायची भीती.

मी त्याला निकोटिनचं च्युइंगम दिलं. त्याने ते कचाकचा चावलं आणि अर्धा तास उचक्या देत बसला.

"थोडं चावायचं, मग गालात ठेवून द्यायचं."

"आता सांगता होय, मॅडम?"

ओढली की लगेच पकडणाऱ्या मशीनमध्ये त्याला रोज फुंकायला लावायचं ठरलं. सोबत एक वही दिली. तलफ आली की वेळ लिहायची, सिस्टरना सांगायचं, त्या मला फोन करणार. फोन येऊ लागले. अकराला, दीडला, पाचला... तलफ पाच मिनिटांत टळते. आम्ही वीस मिनिटं बोलायचो. करी रोडच्या दोन टॉवरांमधली आपली चाळ तो मला खिडकीतून दाखवायचा. मला ती कधीच दिसली नाही. पण दाखवताना त्याचा हात माझ्या खांद्याजवळून जायचा, म्हणून मी रोज नव्याने विचारायची.

शुक्रवारी राउंडला डॉक्टरांनी वही उघडली.

"दिवसाला आठ-आठ वेळा तलफ? हा घरी गेला की लगेच पेटवणार. ऑपरेशन पुढच्या महिन्यात बघू."

प्रफुल्ल चादरीची कड चाचपत राहिला.

"सर... त्या खोट्या आहेत. सोमवारपासूनच्या सगळ्याच."

"मग लिहिल्यास कशाला?"

"लिहिल्याशिवाय मॅडम येत नाहीत."

सिस्टरनी हातातलं रजिस्टर तोंडापुढे धरलं. डॉक्टर माझ्याकडे वळले. "फुंकायच्या मशीनवर काय येतंय?"

"रोज स्वच्छ, सर. आठवडाभर एकही ओढलेली नाही."

"मग उद्या सकाळी नऊला घेऊ."

"सर, याची फाइल आजपासून आमच्या विभागातल्या दीपिकाकडे द्या," मी म्हटलं. "माझ्याकडे नको."

प्रफुल्लचा चेहरा पडला. "म्हणजे... तुम्ही येणार नाही?"

"कामासाठी नाही." दारापाशी मी थांबले. मागे वळून बघायचा धीर होत नव्हता. "भेटायची वेळ चार ते सहा असते."

ऑपरेशन नीट झालं. रविवारी चार वाजता मी आयकार्ड पर्समध्ये टाकलं आणि नातेवाइकांच्या रांगेत उभी राहिले. राजारामकाका, आमचे वॉचमन, पास लिहीत होते.

"मॅडम, तुम्ही रांगेत? कोणाला भेटायचंय?"

"प्रफुल्ल गमरे."

"पेशंटशी नातं?"

मी टेबलाकडे एक पाऊल पुढे सरकले.

"माझं प्रेम आहे त्याच्यावर," मी म्हटलं. "त्याला अजून सांगायचंय."

काकांचं पेन थांबलं.

"रकाना एवढासा आहे, मॅडम," ते हळूच म्हणाले. "'घरचं माणूस' लिहू?"

"लिहा," मी म्हटलं, आणि पास घेऊन जिना चढू लागले.