जोडलेली पानं

मयताचं नाव: धुरपता. वय: नऊ. तारीख: ११ मार्च १९५८.

पांढरीचं, जुन्या गावठाणाचं टेकाड सकाळी आठाला ढासळलं. जमादार वीरभद्र पोचला तोवर पोरीला बाहेर काढून घोंगडीवर ठेवलं होतं. केसांत, पापण्यांत पांढरी माती. त्यानं बघितलं आणि पंचनाम्याचा कागद काढला. निजामाच्या राज्यात नोकरी लागल्यापासून असे कागद त्यानं बरेच भरले होते. आता हात कागद भरायचा, तो नुसता बघायचा.

"भिंतीच्या पोताऱ्याला माती आणायला गेली," पोलीस पाटील शरणप्पा म्हणाला. "आईनंच धाडलं."

"म्या न्हाय धाडलं," कडूबाई म्हणाली. ती रडत नव्हती. तिसऱ्यांदा तेच, त्याच आवाजात.

राघवेंद्रराव पुढं वाकले. हे तुळजापूरचे निवृत्त कारकून. दर महिन्याला ट्रंक घेऊन तेरणाकाठच्या या गावात यायचे, गोरगरिबांच्या पोरांना चित्रांची पुस्तकं फुकट वाटायचे. गाव त्यांना अण्णा म्हणायचं. कालपासून त्यांचा मुक्काम चावडीत होता.

"अरेरे," ते म्हणाले. "हातात काही होतं का हो पोरीच्या?"

काही नव्हतं.

जागेवर मिळालेल्या वस्तू: खुरपं एक. तारेची चाळण एक, नवी.

वीरभद्रनं टेकाडाभोवती दोनदा फेरी मारली. पाटी कुठं दिसली नाही. टोपलंही नाही.

"चाळण तुमची?" त्यानं कडूबाईला विचारलं.

"न्हाय. आमची जुनी हाय. घरीच हाय."

मरणाचं कारण:

हा रकाना त्यानं कोरा सोडला.

"लिवा की, आईचा निष्काळजीपणा," शरणप्पा म्हणाला. "जमादारसाब, ऊन चढायलंय."

"चढू दे."

तसं लिहिलं की कडूबाई जन्मभर पोर गिळलेली बाई. सरकारी कागदावर. वीरभद्रनं टाक पुसून ठेवला.

मयताची मालमत्ता: (असा रकाना छापलेला नव्हता. त्यानं समासात लिहिला.) परकर एक. पुस्तकं चार.

पुस्तकं कडूबाईच्या घरात, कोनाड्यात होती. त्यानं एक उघडलं. पहिलं पान उघडलं, शेवटचं उघडलं. मधली पानं वरच्या कडेला जोडलेली, छापखान्यातून न कापता आली तशीच. चारही पुस्तकांची.

शेजारीण सिताबाई दारात उभी होती. "चार! आमच्या पोरीला एकच. तिला बापडीला कुठं काय घावतंय!"

कडूबाई मेढीच्या खांबाला टेकून बसली होती. तिनं मान वर केली नाही.

जबाब, चावडी, दुपार.

"एका पोराला किती पुस्तकं देता, अण्णा?"

"एकच. ते वाचून दाखवलं की दुसरं."

"धुरपतानं वाचून दाखवली?"

"तिन्ही, घडाघडा! म्हणून चौथं दिलं. हुशार पोर होती."

वीरभद्रनं मान हलवली. "पाटील, आईनं धाडलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

शरणप्पानं राघवेंद्ररावांकडं बघितलं. "अण्णाच म्हणले."

पंच हजर.

"माती न्यायला पाटी लागते," वीरभद्र म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. "पाटी नव्हती, चाळण होती. माती चाळून टाकायची, म्हणजे मातीतलं काहीतरी ठेवायचंय. अण्णा, ट्रंक उघडा."

"पुस्तकं आहेत त्यात."

"वरती पुस्तकं. खाली बघू."

शरणप्पानं पुस्तकं उपसली. खाली नव्या चाळणी दोन, तशाच तारेच्या. त्यांच्याखाली कापूस. कापसात मणी आणि मातीच्या इवल्या बाहुल्या. पांढरीखाली जे गाव कधीकाळी गाडलं गेलं, तिथल्या.

"अय्यो," शरणप्पा म्हणाला.

"पोरीनं एकबी पुस्तक वाचलेलं न्हाय. पानंच सुटलेली न्हायत. पहिलं पुस्तक सगळ्यांना. पुढचं फक्त बाहुली आणली तर. जिला घावलं तिला चार, जिला घावलं न्हाय तिला एक. पोर मेली, अन् तुम्ही विचारलं हातात काय होतं. मग ट्रंकेकडं कुणी बघू नये म्हणून आईवर ढकललं."

राघवेंद्ररावांनी कापूस पुन्हा बाहुल्यांवर सारखा केला.

"पुस्तकंच दिली मी," ते म्हणाले. "या पोरांना दुसरं कोण देतं?"

"कुणी न्हाय," वीरभद्र म्हणाला. "उठा."

निशाणी अंगठा:

कडूबाईनं अंगठ्याला शाई लावून घेतली, पण टेकवला नाही.

"म्या न्हाय धाडलं, ते लिवलं का?"

"लिवलं."

"वाचून दावा."

त्यानं सकाळी कोरा सोडलेला, आता भरलेला रकाना वाचला. "मयत आईच्या सांगण्यावरून गेली नव्हती. राघवेंद्ररावांना जुन्या बाहुल्या हव्या होत्या. बाहुली काढताना टेकाड अंगावर आलं. बदल्यात एक पुस्तक मिळणार होतं."

कडूबाई कागदाकडं बघत राहिली. अंगठ्यावरची शाई वाळत चालली.

"पुन्यांदा वाचा," ती म्हणाली.

त्यानं पुन्हा वाचलं.