चिमा बोलू लागली

चौऱ्याऐंशी सालच्या श्रावणातली दुपार. नुकतीच एक सर येऊन गेली होती आणि रत्नागिरीच्या एस.टी. स्टँडवर ओल्या छत्र्यांचा वास कोंदला होता. चिमा धनावडे खांबाला टेकून उभी होती. शेजारून कोणीतरी विचारलं,

“ही पावसची गाडी का?”

चिमाने मान डोलावली.

“अहो, पावसची का ही?”

तिने आणखी जोरात मान डोलावली. मग वळून पाहिलं तर... हातात पांढरी काठी घेतलेला महिपत शिवलकर. तिच्याच वर्गातला, पहिल्या बाकावर बसणारा. त्याला दिसत नाही हे अख्ख्या कॉलेजला ठाऊक होतं, तिलाही होतं. पण मानेनेच उत्तर द्यायची तिला इतकी सवय जडली होती, की आता ती ओशाळून नुसतीच उभी राहिली. कंडक्टरने दोरी ओढली, घंटी वाजली आणि गाडी निघून गेली.

“गेली वाटतं,” महिपत म्हणाला. “इथे कोणीतरी आहे. बांगड्या वाजताहेत. मघापासून मान हलवताय का?”

“हो...”

“मला ऐकू नाही आली.”

चिमाला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी असं मोकळं. तिचीही गाडी तीच होती आणि पुढची यायला तासभर होता.

चिमाचं गाव देवरूखच्या वरच्या अंगाला, डोंगरात. वडील मुंबईला गोदीत. कॉलेजसाठी ती फणसोपला सोनूबाई आत्याकडे राहायची. पहिल्याच आठवड्यात सरांनी काही विचारलं, तेव्हा ती “व्हय सर” म्हणाली आणि सगळा वर्ग खिदळला. त्या दिवसापासून तिने तोंड मिटलं ते मिटलंच.

“धनावडे?” नाव ऐकून महिपत म्हणाला. “हजेरीला तुम्ही इतकं हळू बोलता, मला वाटायचं सरच तुमच्या वतीने ओ देतात.”

चिमा हातातल्या बांगड्या मागेपुढे करत राहिली. त्याला मात्र गप्प बसवत नव्हतं. त्याला वाचून दाखवणारा मित्र दापोलीच्या शेतकी कॉलेजात गेला होता. इतिहासाचं पुस्तक घरी तसंच पडून होतं.

“तुम्ही वाचाल?”

“मला नाय जमणार. माझं बोलणं... गावठी आहे.”

“इतिहास काय सगळा शहरातच घडला?”

या प्रश्नाला मान हलवून भागणार नव्हतं. “बरं,” ती म्हणाली.

मधल्या सुट्टीत ती दोघं ग्रंथालयाच्या पडवीत बसू लागली. सुरुवातीला चिमा एकेक शब्द जपून, पुण्याच्या रेडिओवरच्या बाईसारखा उच्चारायची. महिपत थोडा वेळ ऐके आणि म्हणे, “आता या बाईंना घरी पाठवा. चिमाला बोलवा.” मग ती हसे, आणि तिच्या गावचा हेल वाक्यात आपसूक उतरे. चिडली की ती पान जोरात उलटायची. तेही त्याला कळायचं.

“रागावलात?”

“नाय.”

“मग त्या पानाने काय केलं होतं?”

वाचन संपलं की तो आजूबाजूचं विचारी. कोण कोणाशी भांडतंय, आत्ता सगळे का हसले. ती सांगू लागे. प्राध्यापकांची छत्री वाऱ्याने उलटी झाली आणि ते ती बकरी ओढावी तसे ओढतायत... कॅन्टीनवाला वड्याला चिकटलेली मुंगी गुपचूप पुसतोय... महिपत पोट धरून हसायचा. आपण माणसांना हसवू शकतो हे चिमाला तोवर माहीतच नव्हतं. घरी जाताना ती आपल्याच बोलण्याकडे नव्याने बघायची. आणि वाटेत भाट्याला, आपल्या गावी, तो उतरला की गाडी उगाच मोठी वाटायची.

शिमग्याच्या आधी दोन गोष्टी झाल्या. मुंबईहून चिमाच्या वडिलांचा निरोप आला, स्थळ पाहिलंय, मे महिन्यात मंडळी येतील. आणि त्याच आठवड्यात महिपत पडवीत आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वर्गाबाहेर तिने त्याला गाठलं, तेव्हा तो परक्यासारखा म्हणाला, “आता वाचायला नका येऊ, चिमाताई. मला दुसरं कोणीतरी मिळालंय.”

चिमाताई!

संध्याकाळी फणसोपपर्यंत न जाता ती भाट्यालाच उतरली. किनाऱ्यावरच्या सुरुबनात तो एकटाच बसला होता. सुरूंमधून वारा घुमत होता. ती जवळ आली, तसा तो म्हणाला, “चालण्यावरूनच कळतंय, आज मोठ्ठं पान उलटायचंय.”

“कोण मिळालंय वाचायला?”

त्याने काठीच्या टोकाने वाळू उकरली. मग म्हणाला, “कोणी नाही. मला मुंबईला टेलिफोन ऑपरेटरच्या ट्रेनिंगला घेतलंय, परीक्षा झाली की जायचंय. तुझं ठरतंय असं तुझी आत्या गाडीत कोणाला तरी सांगत होती. चांगलं घर आहे म्हणे. मी कशाला मध्ये येऊ? उद्या लोक म्हणतील, आंधळ्याने पोरीला अडकवलं.”

“आणि मला इचारलंव?”

“चिमा...”

“माझ्या बापाने इचारलं नाय. तुमी पण नाय. मी बोलत नाय म्हणून सगळे माझ्या वतीनं ओ देणार?” ती थांबली नाही. “मला तुमीच पायजे. दया म्हणून नाय. तुमच्यापाशी मी असते तशी मला आवडते... म्हणून.”

महिपतने हात पुढे केला. तो नेमका तिच्या हातापाशी पोचला नाही, वाळूवर टेकला. तिने तो उचलून घेतला.

मे महिन्यात वडील आले. पाहुण्यांच्या आधीच चिमाने त्यांना सगळं सांगितलं. वडील रागावले, दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी एकटेच भाट्याला जाऊन आले. परतल्यावर म्हणाले, “पोरगा मला म्हणाला, आधी नोकरी लागू दे, मगच होकार द्या. मी सांगणार होतो तेच त्याने आधी सांगितलं.” आणि त्यांनी मुंबईला पाहुण्यांना नकार कळवला.

महिपतला नोकरी लागायला दीड वर्ष गेलं. रत्नागिरीतच, एका सरकारी कचेरीच्या टेलिफोन बोर्डावर. तुळशीचं लग्न झालं आणि पाठोपाठ यांचंही झालं, चिमाच्या अंगणात.

जेवणाची पंगत बसली होती. गावातली म्हातारी गोदाकाकी वाढता वाढता मोठ्याने म्हणाली, “पोरीने उपकार केले हो! नायतर अशा मुलाला कोण देतंय?”

पंगतीतले हात थांबले. महिपतची मान खाली गेली. असल्या बोलण्याची त्याला सवय होती. चिमाचे वडील उठू लागले, पण त्यांच्या आधी चिमा बोलली. सगळ्यांना ऐकू जाईल अशी, आपल्याच हेलात.

“उपकार ह्यांनी केले, काकी. मी दोन म्हयने वर्गात होते, पण माझा आवाज कोणी ऐकला नव्हता. ह्यांनी तो मागून घेतला. आयुष्यभर ऋणी राहीन मी.”

काकी हातातली पळी तशीच धरून उभी राहिली. महिपतची मान वर आली, चिमाच्या आवाजाकडे वळली.

चिमाने हलकेच त्याचं बोट धरून भाताला लावलं.

“वरण निवतंय,” ती म्हणाली. “जेवा आता.”